माउंट म्हणतो झालं, फोल्डर मात्र रिकामं

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. देवगडजवळ मामांची आंब्याची पॅकिंग शेड, तिला लागून कोल्ड रूम. ऑफिसात एक साधा टॉवर पीसी सर्व्हर म्हणून चालतो. त्यावर उबंटू, आणि पावत्या व वाशीच्या बाजारातून येणाऱ्या हिशेबपट्ट्यांच्या स्कॅनसाठी वेगळी ४ टीबीची डिस्क, ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमने (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) फॉरमॅट केलेली. ऐन हंगामात ती अधूनमधून रीड-ओन्ली व्हायला लागली, म्हणजे वाचता येई, लिहिता येईना. तुम्ही नवी डिस्क आणली, दोन्ही जोडून सगळं कॉपी केलं, मशीन बंद करून जुनी काढली आणि नवी तिच्या जागी, त्याच केबलला लावली. मशीन चालू केल्यावर एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कोणत्या फोल्डरवर लावायची ती यादी) नवा यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक, घातला आणि माउंट केलं, म्हणजे डिस्क फोल्डरवर लावली. एरर आला नाही, पण फोल्डर रिकामं. पेट्या थांबत नाहीत म्हणून काम तसंच रेटलं. काही दिवसांत रूट डिस्क, म्हणजे उबंटू ज्यावर आहे ती, शंभर टक्के भरली. रीबूट केल्यावर नवी डिस्क आपोआप लागली, जुना डेटा दिसला, पण मधल्या दिवसांच्या पावत्या गायब. आता नवी डिस्कही एकदा रीड-ओन्ली झाली. जुनी यूएसबी केसिंगमध्ये घालून बघितली तर ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’. कोणीतरी सांगितलं, एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) डॅश वाय मार, होऊन जाईल. मारू का?

नको. निदान अजून तरी नको.

पावत्या गेलेल्या नाहीत. नवी डिस्क बहुधा चांगली आहे. जुनीचा सुपरब्लॉकही (फाइलसिस्टिमची मूळ माहिती ठेवलेली जागा) शाबूत असावा. तुम्ही सांगितलेल्या प्रकारात कोणी ना कोणी चार वेळा ‘नाही’ म्हटलंय, आणि दर वेळी म्हणणारा वेगळा आहे. रीड-ओन्लीच्या मागे केबल किंवा वीज, रिकाम्या फोल्डरमागे सिस्टिमडी (बूटपासून सगळ्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम), गायब पावत्यांमागे माउंट पॉइंट (डिस्क जिथे लागते ते फोल्डर), आणि बॅड सुपरब्लॉकमागे यूएसबी केसिंग. फाइलसिस्टिम स्वतःहून बिघडल्याचा एकही पुरावा तुमच्या वर्णनात नाही, आणि औषध नेमकं तिलाच द्यायचं चाललंय.

आधी संदेशाबद्दल, कारण बहुतेकांची गाडी तिथेच घसरते. देवळात कौल लावतात तेव्हा देव बोलत नाही. पाकळी उजवीकडची पडली की डावीकडची, एवढंच दिसतं. अर्थ गुरव सांगतो. माउंट ही कमांड गुरवाच्या जागी आहे. तुमचं गाऱ्हाणं ती कर्नलपुढे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापुढे, घालते आणि नकार आला तर कर्नल तिला फक्त एक आकडा देतो. २२ आला तर त्याचा अर्थ ‘दिलेलं काहीतरी मला पटलं नाही’ एवढाच. नेमकं काय पटलं नाही हे कमांडला ठाऊक नसतं, म्हणून ती शक्य तेवढी कारणं एका दमात वाचून दाखवते: फाइलसिस्टिमचा प्रकार चुकला, ऑप्शन चुकला, सुपरब्लॉक खराब, कोडपेज नाही, मदतनीस प्रोग्राम नाही, ‘ऑर अदर एरर’. त्या वाक्यातला सगळ्यांत प्रामाणिक भाग तो शेवटचाच. लोक ‘बॅड सुपरब्लॉक’ एवढेच शब्द उचलतात आणि बॅकअप सुपरब्लॉक शोधायला निघतात.

कर्नलचं स्वतःचं वाक्य डीमेसेजमध्ये, म्हणजे त्याच्या संदेशांच्या वहीत, असतं. माउंट फसल्यावर त्याच क्षणी दुसऱ्या टर्मिनलमध्ये डीमेसेज वेळेसकट बघा. मशीन रीबूट झालं असेल तर जर्नल-सीटीएलला मागच्या बूटचे कर्नल संदेश मागा. आकडे वेगळे आले तर तेही बोलके असतात. १६ म्हणजे डिस्क दुसऱ्या कोणाच्या तरी हातात आहे. बरेचदा जुन्या रेडचे किंवा एलव्हीएमचे (अनेक डिस्का एकत्र जोडायच्या पद्धती) अवशेष तिच्यावर हक्क सांगत असतात आणि डिस्कांची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलकेच्या झाडात ते दिसतं. ५ म्हणजे वाचताच आलं नाही. ११७ म्हणजे ‘स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग’, म्हणजे फाइलसिस्टिमने स्वतः तोंड उघडून ‘माझ्यात गडबड आहे’ असं सांगितलं. एफएससीकेचा विचार या शेवटच्या बाबतीत करायचा, आणि तोही लगेच नाही. २०१९ च्या ५.२ कर्नलपासून माउंटसाठी नवे सिस्टिम कॉल आलेत, त्यात फाइलसिस्टिमला नकाराचं कारण शब्दांत परत देता येतं, आणि युटिल-लिनक्स २.३९ पासून माउंट तेच कॉल वापरतो. त्यामुळे पुढे हा त्रास कमी होत जाईल. तरी डीमेसेज बघायची सवय सोडू नका.

आता रिकामं फोल्डर. कमांड गप्प राहिली, म्हणजे कर्नलने माउंट केलंच होतं. खोटं कोणीच बोललेलं नाही. झालं असं की सिस्टिमडी एफएसटॅब बूटच्या वेळी वाचतो आणि प्रत्येक ओळीचं एक माउंट युनिट बनवून रनच्या फोल्डरात ठेवतो. तुम्ही मशीन चालू केलं तेव्हा एफएसटॅबमध्ये जुन्या डिस्कचा यूयूआयडी होता. ओळीत नोफेल (डिस्क नसली तरी बूट थांबवू नको) असल्यामुळे बूट अडलं नाही. नाहीतर दीड मिनिट वाट बघून मशीन इमर्जन्सी मोडमध्ये पडलं असतं आणि तुमच्या लगेच लक्षात आलं असतं. मग तुम्ही ओळ बदललीत. फाइल बदलली, युनिट तेच जुनं राहिलं. माउंट कमांडने ताजी फाइल वाचली, नवा यूयूआयडी उचलला, कर्नलने डिस्क जोडली. सिस्टिमडी कर्नलच्या माउंटच्या यादीवर सतत नजर ठेवून असतो. त्याने बघितलं की या फोल्डरवर काहीतरी लागलं, या फोल्डरचं युनिट माझ्याकडे आहे, ते अमुक डिस्कला बांधलेलं आहे आणि ती डिस्क तर मशीनमध्ये नाहीच. त्याने लगोलग ते उतरवलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

माझं म्हणणं तपासून बघायचं असेल तर त्या दिवसाच्या सिस्टिम जर्नलमध्ये ‘युनिट इज बाउंड टू इनॅक्टिव्ह युनिट’ आणि शेवटी ‘स्टॉपिंग, टू’ अशी ओळ शोधा. तीत डिस्कच्या नावात जुना यूयूआयडी दिसला की निकाल लागला. उपाय एका कमांडचा आहे: एफएसटॅब बदलल्यावर सिस्टिम-सीटीएल डेमन-रीलोड, मगच माउंट. अलीकडच्या आवृत्त्यांत माउंट स्वतःच ‘एफएसटॅब बदललाय, सिस्टिमडी जुनाच वापरतोय’ अशी सूचना छापतो. ती नुसती सूचना वाटते, म्हणून वाचायची राहून जाते. आणि माउंट झालं की नाही हे कमांडच्या गप्पपणावरून ठरवू नका, फाइंड-माउंटला फोल्डरचं नाव देऊन विचारा. ते कर्नलची यादी वाचतं. उत्तर रिकामं आलं तर तिथे काही लागलेलं नाही, मग एक्झिट कोड काहीही असो.

इथून पुढचं सरळ आहे. फोल्डरवर डिस्क नव्हती, पण फोल्डर होतं. सॉफ्टवेअरने त्यात बिनदिक्कत लिहिलं आणि ते सगळं रूट डिस्कवर साठलं. म्हणून रूट भरली. रीबूटनंतर नवी डिस्क त्याच फोल्डरवर लागली आणि खालचं झाकलं गेलं. पावत्या तिथेच आहेत, रूट डिस्कवर, माउंटच्या खाली. खूणही तुमच्याकडे आहे: डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) म्हणतं रूट भरलीय, पण रूटपुरतं डीयू (दिसणाऱ्या फाइलींची बेरीज करणारी कमांड) चालवलं तर बेरीज जुळत नाही, बराच मोठा फरक पडतो.

त्या बघायला चालू डिस्क उतरवायची गरज नाही. एक रिकामं फोल्डर करा आणि त्यावर रूट बाइंड माउंट करा, म्हणजे तीच रूट दुसऱ्या जागीही दिसेल. साधं बाइंड हवं, आर-बाइंड नको. साध्या बाइंडमध्ये रूट फाइलसिस्टिम एकटी येते, तिच्यावर लागलेल्या बाकी डिस्का येत नाहीत, त्यामुळे झाकलेलं उघडं पडतं. त्या नव्या जागेतून डेटाच्या फोल्डरात शिरा, मधल्या दिवसांच्या पावत्या समोर असतील.

आता घाई करून त्या तशाच नव्या डिस्कवर ओतू नका. तुमचं सॉफ्टवेअर पुढचा पावती क्रमांक फोल्डरातल्या फाइली बघून ठरवत असेल, तर रिकामं फोल्डर दिसल्यावर त्याने पुन्हा १ पासून सुरुवात केलेली असू शकते. म्हणजे त्याच नावाच्या दोन वेगळ्या फाइली: एक मार्चमधली, एक झाकलेली. सरळ कॉपी केलीत तर हंगामाच्या सुरुवातीच्या पावत्या पुसल्या जातील, आणि हे नुकसान मात्र खरं असेल. झाकलेलं सगळं आधी नव्या डिस्कवर वेगळ्या नावाच्या फोल्डरात घ्या. मग फाइली कॉपी करणाऱ्या आर-सिंकला नुसतं ‘काय करशील ते दाखव’ असं सांगून नावं कुठे आदळतायत ते बघा. दुबार क्रमांकांचं काय करायचं हे सीएंना विचारा, ते मी सांगणार नाही. सगळं जुळलं, उघडून बघितलं, की मगच रूटवरचं पुसा. पुसूनही जागा सुटली नाही तर ती फाइल सॉफ्टवेअरने अजून उघडी धरलीय. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करा.

असं पुन्हा होऊ नये म्हणून एक जुनी युक्ती सांगतो. डिस्क उतरवलेली असताना, फोल्डर पूर्ण रिकामं करून, त्या फोल्डरला सी-एच-अ‍ॅटरने ‘अधिक आय’ (बदल होऊ न देणारी खूण) लावा. मग डिस्क लागलेली नसेल तेव्हा त्यात रूट युजरलाही फाइल करता येत नाही, ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येतं. डिस्क लागली की ती खूण झाकली जाते आणि काम नेहमीसारखं चालतं. सॉफ्टवेअर आरडाओरडा करेल, ऑफिसातली माणसं तुम्हाला फोन करतील. करू देत. जिथे-तिथे नोफेल लावा असं सांगितलं जातं, पण नोफेल म्हणजे बूट त्या डिस्कसाठी थांबणार नाही, आणि डिस्क लागायच्या आधी सॉफ्टवेअर सुरूही होऊ शकतं, ही दुसरी बाजू कोणी सांगत नाही. म्हणून नोफेल ठेवायचंच असेल तर सॉफ्टवेअरच्या सर्व्हिस युनिटमध्ये ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ ही ओळ घालून डेटाचं फोल्डर द्या. डिस्क नाही तर सर्व्हिस नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. दोन डिस्का, एकच केबल, एकच प्लग, आणि दोन्ही रीड-ओन्ली. डिस्क बदलून आजार तोच राहिला, तर डिस्कवर संशय घेण्यात अर्थ नाही.

रीड-ओन्ली होणं हा आजार नाहीच, तो कर्नलने घेतलेला बचावाचा पवित्रा आहे. ईएक्सटी४ फाइलींच्या मांडणीतला प्रत्येक बदल आधी जर्नलमध्ये (डिस्कवरचीच कच्ची वही, वरचं सिस्टिम जर्नल वेगळं) लिहितं आणि साधारण दर ५ सेकंदांनी तो पक्का करतं. ते लिहिणंच फसलं तर पुढचं काही खरं धरता येत नाही, म्हणून ते जर्नल सोडून देतं. डीमेसेजमध्ये ‘डिटेक्टेड अबॉर्टेड जर्नल’ आणि पाठोपाठ ‘रीमाउंटिंग फाइलसिस्टिम रीड-ओन्ली’ येतं. अशा वेळी ‘रीमाउंट, आरडब्ल्यू’ करून काही होत नाही. जर्नल सोडलेली फाइलसिस्टिम कर्नल तुम्हाला लिहायला परत देत नाही, ती उतरवावीच लागते. एरर्स-कंटिन्यू लावून बचाव बंद करायचा सल्लाही तुम्हाला मिळेल. तो देणाऱ्याच्या स्वतःच्या पावत्या त्या डिस्कवर नसतात. आणखी एक: काही नव्या कर्नलांत असं झाल्यावरही माउंटच्या यादीत आरडब्ल्यूच दिसत राहतं. म्हणून इथेही डीमेसेजच.

पण या दोन ओळी शेवटच्या आहेत. तुम्हाला हव्यात त्या यांच्या वरच्या ओळी, ‘एटीए’ने सुरू होणाऱ्या. तिथे महिरपी कंसात दोन-तीन अक्षरांचे शब्द असतात. ‘आयसीआरसी एबीआरटी’ असेल तर डेटा डिस्क आणि बोर्डाच्या मध्ये बिघडला, म्हणजे केबल, प्लग किंवा पोर्ट. ‘यूएनसी’ असेल तर डिस्कला स्वतःच्याच तबकडीवरचं वाचता येत नाही, म्हणजे डिस्क आजारी. कधी ‘लिमिटिंग साटा लिंक स्पीड’ अशी ओळ दिसते: कर्नलने चुका बघून वेग उतरवला. तीही केबलकडेच बोट दाखवते.

दुसरा साक्षीदार स्मार्ट-सीटीएल, डिस्कच्या स्वतःच्या नोंदी वाचणारी कमांड. त्यात १९९ क्रमांकाची नोंद सीआरसी चुकांची, म्हणजे वाटेत डेटा बिघडल्याची. हा आकडा कधी खाली येत नाही, त्यामुळे तो नुसता मोठा असण्याला अर्थ नाही. आज लिहून ठेवा, केबल बदला, आठवड्याने पुन्हा बघा. वाढला नाही तर केबलच होती. १९७ आणि ५ या नोंदी तबकडीच्या. त्या शून्यावर असतील तर डिस्कला दोष देऊ नका. आणि १२ क्रमांकाची नोंद, जिच्याकडे कोणी बघत नाही: डिस्क किती वेळा चालू झाली. मशीन बंद न होता हा आकडा वाढत असेल तर डिस्कची वीज मधेच तुटतेय. माझा संशय अर्धा तिथे आहे, कारण तुमच्या भिंतीपलीकडे कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर आहे. तो सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि क्षणभर व्होल्टेज बसतं. डीमेसेजमधली ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ची वेळ आणि कॉम्प्रेसर सुरू व्हायची वेळ शेजारी शेजारी लिहा. जुळल्या तर मामांना सांगा, की डिस्कांवर आणखी पैसे घालण्याआधी सर्व्हरला वेगळी फेज आणि यूपीएसला नवी बॅटरी द्या.

उरलेला अर्धा संशय खाऱ्या वाऱ्यावर. मशीन बंद करून, वायर काढून, डिस्कच्या मागचे दोन्ही प्लग उपटा आणि मोबाइलच्या उजेडात बघा. डेटाच्या प्लगमध्ये ७ पट्ट्या, वीजेच्या प्लगमध्ये १५. त्या सोनेरी आणि चकचकीत हव्यात. आपल्याकडे किनाऱ्यावरच्या मशीनांत त्यांच्या कडेला हिरवट-पांढरी पूड धरलेली दिसते. सोन्याचा मुलामा पातळ असतो, प्लग काढता-घालताना खरवडला जातो, आणि खालच्या तांब्याला मीठ आणि दमट हवा लागते. पट्टी तुटत नाही, नुसता संपर्क कच्चा होतो. म्हणून मशीन तास-तास नीट चालतं आणि मधेच एखादा झटका खातं. जुन्या चौकोनी प्लगवरून साटाला उतरवणारा कन्व्हर्टर लावला असेल तर तो आधी काढून टाका, त्याचे संपर्क सगळ्यांत आधी जातात. केबल घासून-पुसून वापरू नका, नवीन घाला. डिस्कवरच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने हलक्या पुसा. बिजागरीला मारतात तो तेलाचा स्प्रे तिथे नको. आणि सर्व्हर कोल्ड रूमच्या सामाईक भिंतीला टेकून असेल तर हलवा. त्या भिंतीला पावसाळ्यात घाम येतो.

लाईट जाण्याबद्दल लोकांचा गैरसमज मोठा आहे. निसर्ग (जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) वादळांनंतर ‘लाईट गेली आणि डिस्क करप्ट झाली’ म्हणून जी मशीनं माझ्याकडे आली, त्यांत पाणी आणि गंजच जास्त होता. नुसती वीज गेली तर पुढच्या माउंटला कर्नल जर्नल वाचतो, अर्धवट कामं निस्तरतो, ‘रिकव्हरी कम्प्लीट’ लिहितो आणि पुढे जातो. हे तेवढ्यासाठीच बांधलेलं आहे. फक्त वेग वाढावा म्हणून कोणी एफएसटॅबमध्ये ‘नोबॅरियर’ घालून ठेवलं असेल तर ते काढा. त्याने डिस्कला ‘हे आधी पक्कं कर, मग पुढचं’ असं सांगणंच बंद होतं, आणि मग जर्नलवर भरवसा राहत नाही.

जुन्या डिस्कचं प्रकरण मजेदार आहे. ती आत साटावर (मशीनच्या आतली डिस्कची जोडणी) वाचली जात होती, तिच्यावरून तुम्ही सगळं कॉपी केलंत, आणि केसिंगमध्ये गेल्यावर तिचा सुपरब्लॉक बिघडला? तुम्ही लिहिलंय, पार्टिशन दिसेना म्हणून अख्ख्या डिस्कवरच माउंट मारलं. नेमकं तिथेच उत्तर आहे. काही यूएसबी केसिंग २ टीबीपेक्षा मोठी डिस्क ५१२ बाइटांऐवजी ४०९६ बाइटांच्या सेक्टरांची म्हणून दाखवतात. जुन्या विंडोजला मोठ्या डिस्का दिसाव्यात म्हणून काढलेली ती पळवाट. जीपीटीचं, म्हणजे पार्टिशनच्या यादीचं, कोष्टक दुसऱ्या सेक्टरमध्ये असतं. साटावर दुसरा सेक्टर ५१२ व्या बाइटला सुरू होतो, या केसिंगमधून ४०९६ व्या बाइटला. कर्नल तिथे जाऊन बघतो, कोष्टक सापडत नाही, पार्टिशन दिसत नाही. अख्ख्या डिस्कच्या सुरुवातीला ईएक्सटी४ नाहीच, त्यामुळे १०८० व्या बाइटला त्याची ‘ईएफ५३’ ही खूणही नाही, आणि तुम्हाला तो २२ आकडा मिळतो. एलएसबीएलकेला लॉजिकल सेक्टरचा रकाना दाखवायला सांगा. केसिंगमध्ये ४०९६ आणि साटावर ५१२ आला तर डिस्कला काहीही झालेलं नाही.

ती परत साटावर लावा, झालं. रिकामा पोर्ट नसेल तर लूप डिव्हाइस (डिस्कचा एक भाग वेगळी डिस्क म्हणून दाखवायची सोय) करा, रीड-ओन्ली, आणि पार्टिशन सुरू होतं तिथला ऑफसेट द्या. पार्टिशन नेहमीसारखं २०४८ व्या सेक्टरला सुरू होत असेल तर २०४८ गुणिले ५१२, म्हणजे १०,४८,५७६ बाइट. आधी पार्टिशनची जागा तुमच्या जुन्या नोंदीवरून खात्री करून घ्या. ही डिस्क विंडोजला मात्र जोडू नका. ते ‘इनिशियलाइज करू का’ विचारेल आणि ऑफिसात कोणीतरी हो म्हणेल.

जुन्या डिस्कवरून काही वाचायचं असेल तर लक्षात ठेवा, ‘आरओ’ म्हणून माउंट केलं तरी ईएक्सटी४ जर्नल निस्तरण्यासाठी डिस्कवर लिहू शकतं. खरोखर हात लावायचा नसेल तर सोबत ‘नोलोड’ द्या. लूपच रीड-ओन्ली असेल आणि जर्नल अर्धवट असेल तर कर्नल ‘राइट अ‍ॅक्सेस अनअव्हेलेबल’ म्हणून अडून बसतो आणि नोलोड वापरून बघा असं स्वतःच सुचवतो. या बाबतीत कर्नलची भाषा बरीच माणसाळलेली आहे.

तुम्ही नवी डिस्क नव्याने फॉरमॅट करून फाइली कॉपी केल्यात, हे बरं केलंत. डीडीने हुबेहूब प्रत केली असती तर दोन्हींचा यूयूआयडी एकच झाला असता. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम अशी जुळी डिस्क दुसऱ्यांदा माउंट करायला नकार देतं. ईएक्सटी४ तक्रार करत नाही, आणि दोन्ही जोडलेल्या असताना एफएसटॅबमधला यूयूआयडी कोणत्या डिस्कवर जाऊन बसेल याची खात्री राहत नाही.

आता एफएससीके. तो फाइलसिस्टिम वाचतो आणि जे विसंगत दिसेल ते बदलतो. केबल खराब असताना त्याला जे वाचायचं असतं त्यातलं काही हाती येतच नाही, आणि त्याची दुरुस्ती त्याच केबलवरून डिस्कवर लिहिली जाते. डॅश वाय म्हणजे प्रत्येक प्रश्नाला ‘हो’: हा आयनोड (फाइलची नोंद) पुसू? हो. हे फोल्डर तोडू? हो. चांगली डिस्क अशा रीतीने घरच्या घरी मोडता येते. म्हणून आधी केबल आणि वीज, मग डिस्क उतरवून डॅश एन लावून नुसतं वाचन, त्यात काय निघतंय ते बघून पुढचं. पेन ड्राइव्हवरून बूट करून करणार असाल तर तो ताजा घ्या. ई२एफएसप्रॉग्जच्या २०२३ च्या १.४७ आवृत्तीपासून नव्या ईएक्सटी४ मध्ये ‘ऑर्फन फाइल’ नावाची सोय आपोआप येऊ शकते. जुना एफएससीके ती ओळखत नाही, ‘फीचर सी१२’ सपोर्ट नाही असं सांगून थांबतो आणि लोक डिस्क गेली म्हणून रडतात.

आणि खरोखरच सुपरब्लॉक गेला असेल, म्हणजे साटावर, नीट केबलवर, बरोबर पार्टिशनवरही ती खूण सापडत नसेल, तर ४०९६ बाइटांच्या ब्लॉकवर पहिली राखीव प्रत ३२७६८ व्या ब्लॉकला असते. एफएससीकेला हाच आकडा द्यायचा. माउंटच्या ‘एसबी’ ऑप्शनला मात्र १०२४ बाइटांच्या हिशेबाने, म्हणजे १,३१,०७२. या दोन आकड्यांची गल्लत नेहमीची आहे.

दोन ओळी मला हव्यात: नवी डिस्क रीड-ओन्ली झाली त्या वेळच्या ‘एटीए’च्या ओळीत कंसात काय आहे, आणि १२, १९७ व १९९ या नोंदींचे आजचे आकडे. आयसीआरसी असेल तर केबल बदलून काम चालू ठेवा. यूएनसी निघालं तर त्या डिस्कवर लिहिणं लगेच थांबवा, डीडी-रेस्क्यूने मॅपफाइलसकट तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि एफएससीके चालवायचा तर त्या प्रतीवर.